पहिल्या महायुद्धातले आपले वैमानिक

शिरपूरला धावपट्टी आहे, म्हणून विमान आपल्याला नवे नाही. पण पहिल्या महायुद्धातली (१९१४ ते १९१८) विमाने म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेले कापड! पेट्रोलच्या टाकीला गोळी लागली की भडका. फुग्यातून टेहळणी करणाऱ्यांना हवाई छत्री मिळे. ब्रिटिश फौजेतल्या वैमानिकांना मात्र ती देत नसत.

त्या फौजेत आपलेही तरुण होते. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर जून १९१८ मध्ये गेले. कोलकात्याच्या इंद्रलाल रॉय यांनी तेरा दिवसांत दहा विजय मिळवले. २२ जुलै १९१८ रोजी त्यांचे पेटलेले विमान फ्रान्समध्ये कोसळले. वय अवघे १९! हरदित सिंग मलिक पायात गोळ्या लागूनही वाचले आणि नव्वद वर्षे जगले. मला वाटते, छत्री असती तर रॉयही कदाचित आजोबा झाले असते.