ध्वनिक्षेपक आणि भाषणस्वातंत्र्य
(नागरिकशास्त्र, इयत्ता सातवी : पाठाचे टाचण)

हेतू : बोलण्याचा अधिकार व शेजाऱ्याची शांतता यांची सांगड कायद्याने कशी घातली आहे, हे विद्यार्थ्यांस उमजावे.

विषयप्रवेश : एका विद्यार्थ्यास उतारा मोठ्याने वाचावयास सांगावे व त्याच वेळी दुसऱ्याकडून थाळी वाजवून घ्यावी. वाचणाऱ्याचे तोंड कोणी बंद केले नव्हते. तरी त्याचे शब्द कोणास ऐकू आले काय, असे शिक्षकांनी विचारावे. अनिर्बंध आवाज हा भाषणासही मारक ठरतो, हे मुले स्वतःच सांगतील.

विवेचन : राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकांस भाषणस्वातंत्र्य दिले आहे. परंतु ध्वनिक्षेपक हे साधन आहे, विचार नव्हे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांन्वये त्यास लेखी परवानगी लागते व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत तो उघड्यावर लावता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी, वर्षातून अधिकात अधिक १५ दिवस, राज्यशासन रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. निवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल आहे. बोलण्याचा अधिकार एकास आहे, तसा न ऐकण्याचा अधिकार दुसऱ्यास आहे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ सालच्या निर्णयाचा आशय आहे.

मात्र याच नियमांच्या आडून विचार दडपला जाण्याचाही संभव असतो. हिम्मतलाल शाह विरुद्ध पोलीस आयुक्त, अहमदाबाद या १९७२ सालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरील सभांचे नियमन मान्य केले. परंतु परवानगी मनास येईल तशी नाकारण्याची मुभा अधिकाऱ्यास देणारा नियम रद्द ठरविला.

कसोटी : नियमाने आवाजाची पातळी, वेळ व जागा पाहावी; वक्त्याचा पक्ष, धर्म वा मत पाहू नये.

प्रश्न :
(१) देवळातील भजनास व निवडणुकीच्या सभेस वेळेची मर्यादा एकच का असावी?
(२) ग्रामपंचायतीवर टीका करणाऱ्या सभेस दुपारी परवानगी नाकारली. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर, त्याच वेळी सत्कारसमारंभास दिली. येथे कोणती कसोटी मोडली?

शिक्षकांस सूचना : शाळेच्या ध्वनिक्षेपकासही हेच नियम लागू आहेत. स्नेहसंमेलनाच्या रात्री ते कसोशीने पाळले, तर या पाठाचे निम्मे काम शब्दांवाचूनच होईल.