सेवेसाठी जर्मनीत राहायचं तर

पुण्याहून जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात स्वयंसेवेसाठी गेले, त्या अनुभवाचे हे बोल. आता जाणाऱ्या मुलामुलींना उपयोगी पडावेत.

1. आधी काम, मग व्हिसा. सक्तीची लष्करी सेवा स्थगित झाल्यावर 2011 मध्ये तिथे ‘बुन्डेसफ्रायविलिगनडीन्स्ट’ ही सरकारी स्वयंसेवा सुरू झाली. तिचा करार हातात आल्याशिवाय व्हिसाच्या अर्जाला अर्थ नाही. कामाचं ठिकाण, तास, हातखर्च, राहण्याची सोय, मुदत हे सगळं त्यात नीट वाचा. सेवा बहुधा 12 महिन्यांची असते. आरोग्यविम्याचा हप्ता संस्था भरते, तो तुमच्याकडे मागितला तर थांबा आणि विचारा.

2. वय 27 च्या वर असलं तरी ही सेवा करता येते.

3. व्हिसाच्या अर्जाच्या वेळी ‘का जायचंय?’ असं विचारलं, तर पाठ केलेलं उत्तर देऊ नका. वृद्धाश्रमात अंघोळ घालावी लागते, भरवावं लागतं, अंथरूण बदलावं लागतं. हे माहीत असूनही जायचं आहे, एवढंच स्वतःच्या शब्दांत सांगा. पुढे तिथेच नर्सिंग शिकायचं मनात असेल तर तेही लपवू नका. पण सेवेला नुसती जर्मनीत शिरायची वाट समजणाऱ्यांनी जाऊच नये, असं मी ठामपणे म्हणते. तिथले आजीआजोबा रोज तुमची वाट पाहत असतात. भाषाही त्यांच्यासाठीच शिका. मॅक्स म्युलर भवनाच्या वर्गात शिकलेलं स्वच्छ जर्मन आणि पक्षाघात झालेल्या आजींचे अर्धे शब्द यांत फार अंतर आहे. ते कान लावूनच कापावं लागतं.

4. पोहोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. खोली संस्थेची असेल तर चावीबरोबरच ते मागून घ्या.

5. व्हिसा सहसा काही महिन्यांचाच असतो. उरलेल्या काळाचा निवास परवाना परदेशी नागरिकांच्या कचेरीतून मिळतो. भेटीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून नोंदणी होताच ती मागा. व्हिसा संपण्याआधी अर्ज पोहोचला असेल, तर निर्णय होईपर्यंत तुमचं राहणं कायदेशीर धरलं जातं. तसा तात्पुरता कागद मागून घ्या. अर्ज केल्याची पोचही जपा.

6. परवाना त्या सेवेसाठीच असतो. जागा त्रासाची निघाली, तर रागाच्या भरात काम सोडू नका. आधी स्वयंसेवकांच्या मार्गदर्शकांशी बोला, दुसरी संस्था ठरवा, कचेरीला लेखी कळवा आणि तिथून होकार आल्यावरच सामान बांधा.