ई-पत्र कधी पोहोचते, कधी पोहोचत नाही : सर्व्हरवरील दोषाचा शोध

ई-पत्रे मुळीच न पोहोचणे हा दोष शोधून काढण्यास सोपा असतो. वीज गेली, यंत्र बंद पडले किंवा जोडणी तुटली की सर्वांचीच पत्रे थांबतात आणि कारणही बहुधा लवकर हाती लागते. खरी अडचण येते ती पत्र कधी पोहोचते आणि कधी पोहोचत नाही तेव्हा. सकाळी धाडलेले पत्र मिळते, दुपारचे मिळत नाही. एका शिक्षकास परिपत्रक पोहोचते, त्याच शाळेतील दुसऱ्यास ते दिसतही नाही. अशा वेळी सर्व्हर लहरी आहे, असे म्हणून विषय सोडून देण्याकडे कल असतो. परंतु यंत्रास लहर नसते. जेथे दोष अधूनमधून प्रकट होतो, तेथे पत्रांना जावयास बहुधा कोठेतरी दोन वाटा असतात व त्यांपैकी एकच बिघडलेली असते. ती कोणती, हे ओळखणे हाच या शोधाचा गाभा होय. आपला ई-पत्रांचा सर्व्हर स्वतःच सांभाळणाऱ्या शिक्षणसंस्था, सहकारी संस्था व लहान कार्यालये यांना आणि त्यांच्याशी पत्रव्यवहार करणाऱ्यांनाही हे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

ई-पत्राचा प्रवास टपालासारखाच टप्प्याटप्प्याने होतो. पाठविणारा सर्व्हर प्रथम डीएनएस या जागतिक नामावलीस विचारतो, की अमुक नावाचे टपाल कोणत्या यंत्राच्या स्वाधीन करावयाचे. पत्ता मिळाल्यावर तो त्या यंत्राशी जोडणी करतो, आपले नाव सांगतो, प्रेषक कोण व प्राप्तकर्ता कोण हे कळवितो आणि मग पत्र सोपवितो. या संभाषणाचे एसएमटीपी नावाचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून प्रसिद्ध केले. त्यांत पुढे सुधारणा झाल्या, तरी मूळ रीत आजही तीच आहे. प्रत्येक वाक्यास समोरचा सर्व्हर तीन अंकी संख्येने उत्तर देतो, आणि तिचा पहिला अंक सर्वांत महत्त्वाचा. २ म्हणजे स्वीकार. ४ म्हणजे आता नाही, थोड्या वेळाने पुन्हा या. ५ म्हणजे कायमचा नकार. ४५१ आणि ५५० या दोन उत्तरांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तथापि तक्रार करणारे, आणि कित्येकदा तक्रार निवारणारेही, हा अंक न पाहताच उपाय सुरू करतात.

पहिला अंक ४ असेल तर पत्र परत येत नाही, ते प्रेषकाच्याच सर्व्हरवर रांगेत थांबते. निदान चार-पाच दिवस प्रयत्न करीत राहावे, अशी नियमांची शिफारस आहे. पोस्टफिक्स या प्रचलित सर्व्हर-प्रणालीत ही मुदत मुळात पाच दिवसांची ठेवलेली असते. येथेच मोठा धोका आहे. समजा, शिष्यवृत्तीच्या अर्जांची अंतिम तारीख बुधवार आहे आणि मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांची यादी सोमवारी पाठविली. त्यांच्या दृष्टीने यादी गेली. प्रत्यक्षात ती रांगेत पडून आहे व परत आल्याची सूचना त्यांना मिळेल ती शनिवारी. दरम्यान काही कळावे अशी सोय पोस्टफिक्समध्ये आहे, परंतु ती मुळात बंद असते. व्यवस्थापकाने चालू केली तरच विलंबाची सूचना प्रेषकास जाते. ही मुदत चार तासांची ठेवावी. दोष कोणताही असो, हे काम आधी करून घ्यावे. त्याने दोष जाणार नाही, पण मुलांची शिष्यवृत्ती तरी बुडणार नाही.

यानंतर पाहावयाची ती सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग. प्रत्येक पत्रास सर्व्हर एक रांगक्रमांक देतो. तो धरून शोधल्यास त्या एका पत्राचा आगमनापासून स्वीकृतीपर्यंतचा किंवा नकारापर्यंतचा सर्व प्रवास वाचता येतो. पोस्टफिक्सच्या नोंदीत विलंबाचे चार आकडे तिरप्या रेघांनी वेगळे करून दिलेले असतात : पत्र रांगेच्या व्यवस्थेपर्यंत येण्यास लागलेला वेळ, त्या व्यवस्थेत गेलेला वेळ, समोरच्या यंत्राशी जोडणी होण्यास लागलेला वेळ, आणि प्रत्यक्ष पत्र सोपविण्यास लागलेला वेळ. तिसरा आकडा फुगलेला असेल तर दोष नामावलीत किंवा जोडणीत शोधावा. चौथा फुगलेला असेल तर जोडणी ठीक आहे, पण मजकूर पलीकडे जात नाही, असे समजावे. एवढ्या चार आकड्यांवरून शोधाचे निम्मे क्षेत्र वगळता येते.

नोंदींतून आकृतिबंध कसा उमटतो, याचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. ट्रे हॅरिस या सर्व्हर-व्यवस्थापकाने ही हकीकत २००२ साली लिहून प्रसिद्ध केली. घटना त्यापूर्वीची, नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका विद्यापीठातील आहे. तेथील संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी त्यास कळविले, की आमची ई-पत्रे ५०० मैलांपलीकडे जात नाहीत. तक्रार ऐकून कोणालाही हसू यावे. पत्राला अंतर कोठे कळते? परंतु तक्रार करणारे संख्याशास्त्रज्ञ होते, त्यांनी माहिती गोळा करूनच तोंड उघडले होते. हॅरिसने चाचणी घेतली. ४२० मैलांवरील न्यूयॉर्कला पत्र गेले, ५८० मैलांवरील प्रॉव्हिडन्सला गेले नाही. शोधाअंती उलगडा झाला तो असा : त्या यंत्राची मूळ प्रणाली नवी करताना सेंडमेल या पत्र-प्रणालीची मात्र जुनी आवृत्ती बसली होती. नव्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या सूचना जुनीला समजेनात, त्यामुळे जोडणीसाठी थांबावयाची मुदत शून्य धरली गेली. शून्य म्हणजे त्या यंत्रावर प्रत्यक्षात सुमारे तीन सहस्रांश सेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश सुमारे ५५८ मैल जातो. त्यापलीकडच्या यंत्राशी जोडणी होण्यापूर्वीच सर्व्हर कंटाळून परत फिरत होता! ज्यांनी कोणाला पत्र गेले व कोणाला नाही याची नुसती यादी केली, त्यांनीच अर्धे निदान करून ठेवले होते.

आज वारंवार आढळणारा प्रकार दोन पत्त्यांचा आहे. पूर्वी सर्व्हरला आयपी पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीचा एकच पत्ता असे. आता जोडणी पुरविणारी कंपनी सहाव्या आवृत्तीचाही पत्ता देते आणि कित्येकदा व्यवस्थापकाच्या ते लक्षातही येत नाही. समोरच्या सर्व्हरलाही दोन्ही प्रकारचे पत्ते असले, तर पोस्टफिक्स मुळात दोघांना समान मानून कोणताही एक निवडते. संस्थेने आपल्या जुन्या पत्त्याची उलट नोंद, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद, करून घेतलेली असते. आपल्या नावाने टपाल पाठविण्याचा अधिकार कोणत्या पत्त्यांना आहे हे जाहीर करणारी एसपीएफ नोंदही केलेली असते. नव्या पत्त्यासाठी या दोहोंपैकी काहीच नसते. परिणामी एकाच प्रेषकाचे, एकाच प्राप्तकर्त्यास धाडलेले पहिले पत्र स्वीकारले जाते आणि दुसरे परत येते. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून सर्व प्रेषकांना योग्य उलट नोंद, तसेच एसपीएफ किंवा डीकिम ही अंकीय स्वाक्षरी आवश्यक केली असल्याने असा नकार आता सहज पदरी पडतो.

याची परीक्षा कागद-पेन्सिलीने होऊ शकते. पोहोचलेली दहा पत्रे एका रकान्यात व परत आलेली दहा दुसऱ्यात लिहावी आणि प्रत्येकापुढे नोंदवहीतील समोरच्या यंत्राचा पत्ता मांडावा. टिंबांनी विभागलेले पत्ते पहिल्या रकान्यात आणि विसर्गासारख्या दुहेरी टिंबांनी विभागलेले दुसऱ्या रकान्यात जमले, की दोष सापडला. उलट नोंद मात्र संस्थेच्या स्वतःच्या नामावलीत करून उपयोग होत नाही, ती जोडणी पुरविणाऱ्या कंपनीकडूनच करून घ्यावी लागते. ती होईपर्यंत फक्त जुन्या पत्त्यावरूनच पत्रे पाठविण्याची सूचना सर्व्हरला द्यावी. तात्पुरता म्हणून हा उपाय अगदी योग्य आहे.

दोन वाटांची आणखीही रूपे आढळतात. संस्थेच्या नामावलीचे उत्तर देणारी यंत्रे निदान दोन असतात. पत्ता बदलल्यावर एकाने नवी नोंद घेतली व दुसरे जुनीच सांगत राहिले, तर काही प्रेषकांची पत्रे नाहीशा झालेल्या यंत्राचे दार ठोठावीत बसतात. दोन्ही यंत्रांना वेगवेगळे विचारून उत्तरे ताडून पाहावी. मोकाट जाहिराती पाठविणाऱ्यांच्या याद्या तपासताना असाच घोटाळा होतो. स्पॅमहाउस या यादीसंस्थेस सार्वजनिक डीएनएसमार्फत प्रश्न विचारल्यास ती यादीतील उत्तर न देता १२७.२५५.२५५.२५४ ही दोषसूचक संख्या धाडते. सर्व्हरने तिलाच होकार समजले, तर भल्या माणसांची पत्रेही दारातून परत जातात. प्रश्न कधी स्वतःच्या आणि कधी सार्वजनिक डीएनएसमार्फत जात असेल, तर हेही अधूनमधूनच घडते.

लहान पत्रे जातात आणि जोडपत्रे असलेली अडकतात, अशी तक्रार असेल तर वाटेच्या रुंदीकडे पाहावे. सर्वसाधारण जाळ्यात एका गठ्ठ्याची मर्यादा १५०० बाइटची असते, काही ब्रॉडबँड जोडण्यांवर ती १४९२ होते. गठ्ठा मोठा आहे ही सूचना मागे येऊ शकली तर सर्व्हर तो लहान करतो. पण अतिदक्ष फायरवॉलने ती सूचनाच अडविली, तर मोठे पत्र अर्ध्यावर लटकते. वर सांगितलेला चौथा आकडा फुगतो तो अशा वेळी.

दोष नसूनही दोष भासणारा एक प्रकार आहे. अनोळखी प्रेषकास प्रथम ४ने सुरू होणारे उत्तर देऊन परत यावयास सांगण्याची, ग्रेलिस्टिंग नावाची पद्धत २००३ पासून रूढ झाली. प्रामाणिक सर्व्हर काही मिनिटांनी पुन्हा येतो व पत्र स्वीकारले जाते. येथे काहीही दुरुस्त करू नये. देवनागरी पत्त्यांची गोष्ट निराळी. .भारत हे क्षेत्रनाम देवनागरीत २०१४ साली खुले झाले, परंतु संपूर्ण देवनागरी पत्त्यावरचे पत्र समोरच्या सर्व्हरने त्यासाठीचा विस्तार स्वीकारला असेल तरच जाते. एका गावी पोहोचणारे आणि दुसऱ्या गावाहून परत येणारे पत्र कधी कधी एवढ्याचसाठी परत आलेले असते, आणि त्यावर प्रेषकाच्या सर्व्हरवर उपाय नाही. अशा वेळी रोमन पत्ताही सोबत बाळगावा.

सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. तसे केल्याने साठविलेली जुनी माहिती पुसली जाते, एखादा दिवस सारे सुरळीत चालते आणि दोष सापडण्याची खूण तेवढी नाहीशी होते. एकाच वेळी चार बदल करणेही असेच घातक आहे. एक बदल करावा, वेळ लिहून ठेवावी, दिवसभर नोंदी पाहाव्या.

तक्रार करणाऱ्यांनी व्यवस्थापकाकडे "मेल जात नाही" एवढेच कळवू नये. परत आलेले पत्र त्यातील इंग्रजी मजकुरासह जसेच्या तसे पुढे धाडावे, कारण तीन अंकी संख्या त्यातच असते. पत्र पाठविल्याची तारीख व वेळ, प्राप्तकर्त्याचा पूर्ण पत्ता, जोडपत्र होते काय व त्याच दिवशी त्याच पत्त्यावर दुसरे पत्र पोहोचले काय, हेही लिहावे. दूरध्वनीवरून कळवावयाचे झाल्यास संख्या एकेक अंक वाचून सांगावी.