शेडमधली फियाट पुन्हा रस्त्यावर आणण्याची कृती

नाशिकमध्ये इटालियन गाडी म्हटलं की ती फेरारी नसते. कुठल्यातरी जुन्या बंगल्याच्या मागे, ताडपत्रीखाली, चारही टायर बसलेली फियाट असते. आजोबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून घेतलेली. तिला साधी घरगुती गाडी समजून कुणी कमी लेखू नये. फियाट ११०० ची ही पिढी १९५३ ची. तिची ‘टुरिस्मो व्हेलोचे’ ही वेगवान आवृत्ती त्याच वर्षी आली आणि इटलीतल्या मिल्ले मिल्यासारख्या हजार मैलांच्या शर्यतीत या गाड्या आपल्या वर्गात धावल्या. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर कितीतरी वर्षं शर्यतीत फियाट दिसत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आपली फियाट बनली. आधी ‘डुक्कर फियाट’, मग १९६४ ची डिलाइट आणि पुढे पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टीअरिंगजवळचा हँडल गिअर बहुतेक काळ तिची ओळख राहिले.

ही गाडी पुन्हा चालती करता येते. पण कामाचा क्रम चुकला की पैसा जातो आणि गाडीही जाते. बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात. मी रंग सगळ्यात शेवटी ठेवायला सांगेन. आधी कागद, मग ब्रेक, मग पेट्रोल आणि पाणी, त्यानंतर इंजिन.

कागद

आरसी बुक शोधा आणि त्यावरची मुदत वाचा. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते; पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं. नाशिकचं कार्यालय पंचवटीत पेठ रोडवर आहे. नूतनीकरणासाठी फॉर्म २५, पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि आता हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते. फी अलीकडे वाढली आहे, तेव्हा आकडा तिथेच विचारून घ्या. गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसांची संमती आणि नावबदल. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते राहिलं तर पुढचा सगळा खर्च पाण्यात.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ‘पद्मिनीवर बंदी आली’ असं लोक म्हणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली ती काळी-पिवळी टॅक्सी, कारण तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. दिल्लीत खाजगी गाड्यांच्या वयावरही निर्बंध आले. नाशिकच्या खाजगी गाडीला यातलं काही लागू नाही. ती तपासणीत पास झाली की चालते.

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटली असतील तर दुसरी वाट आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. मात्र चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर निघते. माझं मत स्पष्ट आहे: गाडी चालवायची असेल तर साधं नूतनीकरण करा. रविवारी सकाळी सहज त्र्यंबकला जाऊन येण्याचं सुख ‘व्हीए’ नंबरात नाही.

ब्रेक

इंजिनाला हात लावायच्या आधी गाडी थांबेल याची खात्री करा. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. जुन्या गाड्यांत ब्रेकचं तेल एकाच वाटेने चारही चाकांकडे जातं. एक नळी फुटली की पेडल थेट तळाला.

गाडी जॅकवर घ्या, पण जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, स्टँड लावा. चारही ड्रम काढा. व्हील सिलिंडरचं रबर दाबून पाहा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ते कडक झालेलं असतं आणि आतला पिस्टन जाम. मास्टर सिलिंडरचं किट, चारही चाकांची किट आणि रबरी होस पाइप, सगळं एकदम बदला. एखादं ‘बरं दिसतंय’ म्हणून ठेवू नका. गंजलेल्या लोखंडी नळ्या नव्या करा. मग ताजं ब्रेक ऑइल भरा. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून अर्धवट वापरलेल्या जुन्या डब्यातलं नको. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे या. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सैल करायचा आणि पेडल सोडायच्या आत पुन्हा आवळायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवा.

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१४’ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. एवढा जुना टायर नक्षी कितीही चांगली असली तरी काढून टाका. १४ इंची रिमवर मूळ बारीक मापाच्या जवळचाच टायर बसवा. रुंद टायर दिसायला रुबाबदार, पण पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीत तुमचे खांदे दुखतील आणि किंगपिन लवकर झिजतील.

पेट्रोल

आज सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यावी लागते. २०२५ पासून पंपावर मिळणारं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं आहे. या गाडीचे रबरी पाइप, कार्बोरेटरचे भाग आणि इंधनपंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नाहीत. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट थर सोडवून तो जेटमध्ये आणून बसवतं, आणि पाणी ओढून घेतं. ते पाणी टाकीच्या तळाशी बसलं की गंज.

म्हणून टाकी उतरवा, पूर्ण रिकामी करा, आतून धुवा. हे काम उघड्यावर, बिडी-सिगारेट आणि वेल्डिंगपासून लांब. आत गंज फार असेल तर रेडिएटरवाल्याकडून साफ करून घ्या. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे काढून इथेनॉल सोसणारे फ्लुओरो-रबरचे पाइप घाला आणि पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर लावा. एसी पंपाचं (गाडीच्या इंधनपंपाचं) किट नवं घ्या. सोलेक्स कार्बोरेटर उघडून प्रत्येक जेट हवेने फुंकून साफ करा. तारेने टोचू नका, भोक मोठं होतं. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं, गाडी झटके देते आणि तापते. मिस्त्रीशी बोलून मुख्य जेट एक माप मोठा घालून पाहा आणि प्लगच्या रंगावरून ठरवा: फिकट बदामी बरोबर, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी, काळा म्हणजे जास्त. आणि टाकीत महिनोनमहिने पेट्रोल साठवू नका. थोडं भरा, चालवा, पुन्हा भरा.

पाणी

या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. नळाचं किंवा बोअरचं पाणी घातलं की दोन धातूंमध्ये गंज-खार धरतो आणि वाटा बुजतात. गाडी तापली की हेड वाकतं. रेडिएटर काढून साफ करा, ब्लॉकमधून पाणी सोडून गाळ निघेपर्यंत धुवा, होस आणि फॅन बेल्ट नवे घाला, मग शुद्ध पाण्यात कूलंट मिसळून भरा. थर्मोस्टॅट काढून फेकायची सवय बऱ्याच गॅरेजांत आहे. ती मला मुळीच पटत नाही. नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटे थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं आणि तोवर चोकवर पेट्रोल जळत राहतं. नवा बसवा.

इंजिन

बंद गाडीला लगेच सेल्फ मारायचा नाही. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग न लावता टॉप गिअर टाका आणि गाडी हाताने हळूच पुढे-मागे ढकला. इंजिन फिरलं तर निम्मी चिंता गेली. न फिरल्यास जोर लावू नका. आणखी तेल, आणखी वेळ.

जुनं ऑइल काढून २०डब्ल्यू-४० चं साधं खनिज तेल भरा. सीबी पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि वायरी नव्या घ्या. पॉइंटमधली फट फीलर गेजने, कंपनीच्या पुस्तकातल्या मापाप्रमाणे लावा, ‘अंदाजे’ नको. प्लगच्या वायरींचा क्रम १-३-४-२. टॅपेट थंड इंजिनावर बघा. आता प्लग न लावताच सेल्फ फिरवा, ऑइलचं प्रेशर आलं की नाही बघा. मग प्लग बसवा, चोक ओढा, चावी फिरवा.

सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं धूर येईल, तो भरलेल्या तेलाचा. न थांबणारा निळा धूर मात्र पिस्टन रिंगांचा किंवा वाल्व्ह गाइडचा, आणि त्याला इंजिन उघडणं हाच इलाज आहे.

चालवणं

पहिली फेरी त्र्यंबक रोडवर करा. अंजनेरीपर्यंत जाऊन परत या. रस्ता सोपा, थांबायला जागा आहे, घर जवळ. जाताना दर थोड्या अंतराने थांबून चाकाच्या ड्रमजवळ हात न्या. एकच ड्रम फार गरम असेल तर ब्रेक धरून राहतोय.

पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नका. हँडल गिअर घाईने ओढायचा नाही; न्यूट्रलला क्षणभर थांबा, मग पुढे. डायनामो असेल तर सिग्नलला दिवे मंद पडतील, तो दोष नव्हे. पुढच्या सीटना पट्टे नसतील तर बसवून घ्या.

असे काही रविवार गेले, काही गळत नाही अशी खात्री झाली, की कसारा घाट. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत जवळजवळ तीनशे मीटर उतार आहे. याच चढावर रेल्वेला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात, यावरून ओळखा. नियम जुनाच: ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. गाडी इंजिनाने आवरा आणि ब्रेक अधूनमधून, थोडा वेळ, ठामपणे दाबा. पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात. चढताना काटा वर सरकला तर डावीकडे सुरक्षित जागा बघून थांबा, बॉनेट उघडा, पण रेडिएटरचं झाकण इंजिन गार झाल्याशिवाय उघडू नका. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली, तर एसी पंपावर ओलं फडकं टाकून थांबलं की ती पुन्हा सुरू होते. पावसाळ्यात इगतपुरीचं धुकं आणि ओले ड्रम, दोन्ही मिळून ही गाडी आवरत नाही. तेव्हा तिला घरी ठेवा.

समृद्धी महामार्गावर ती नेऊ नका. जून २०२५ पासून इगतपुरीच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून मुंबईकडे जाता येतं, पण महामार्गावरची वाहतूक ताशी १२० किलोमीटरपर्यंत धावते. फियाट साठ-सत्तरवर सुखात असते, आणि तिथे त्या वेगाने जाणं तुमच्या आणि मागच्याच्याही जिवावर बेतेल.

रंग

आता रंग. आधी फ्लोअर, दारांचा खालचा भाग आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या बुडख्याजवळची पत्रा-जोडणी ठोकून बघा. सडका पत्रा कापून नवा लावा, पुट्टीने झाकू नका. क्रोम, मीटर, सीटचं मूळ कापड जे वाचेल ते वाचवा. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधता येतात; आजच्या गाडीतला दिवा किंवा स्टीअरिंग यावर चढवू नका.

शेवटचं सांगणं मिस्त्रीबद्दल. पॉइंट कानाने लावणारे आणि सोलेक्स उघडणारे हात आता साठी-सत्तरीत आहेत. असा मिस्त्री सापडला तर गाडी त्याच्याकडे टाकून निघून जाऊ नका. शेजारी उभे राहा, काम शिका, आणि घरातल्या एका तरुण मुलाला किंवा मुलीलाही सोबत न्या.