तालमीतील आचार

करवीरनगरीत श्रीमहालक्ष्मीच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांस पेठापेठांतून जुन्या तालमी दिसतात. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने येथील कुस्ती बहरली व १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले.

तालमीचे नियम फलकावर क्वचितच असतात. ते अंगवळणी पडलेले असतात. पादत्राणे उंबऱ्याबाहेर काढावीत, मारुतीरायास व वस्तादांस वंदन करावे, हौदाची माती कपाळी लावून मगच आत उतरावे. नखे कापलेली असावीत. हौदातील तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, कापूर मिसळतात. परंतु एवढ्याने माती निर्दोष होते ही समजूत बरी नव्हे. नायटा लपवून उतरणारा मल्ल तो जोडीदारास देतो, म्हणून त्वचाविकार असलेल्याने पूर्ण बरे होईपर्यंत हौदाबाहेरच थांबावे. हौद खणण्याचे काम कोणी हलके मानू नये. माती भुसभुशीत नसेल तर पडणाऱ्याचे हाड दुखावते.

पाहावयास येणाऱ्यांनी वस्तादांची अनुमती घेऊन हौदापासून अंतर राखून बसावे. झोंबी चालू असता मल्लास हाक मारू नये. क्षणभर लक्ष ढळले तरी मान मुरगळू शकते.