दोन याद्या आणि न सापडलेल्या चुका

कोलकात्याचे एस्प्लनेड आपल्या वाचकांना ठाऊक आहे ते धर्मतळ्याच्या गजबजाटामुळे. देशातील पहिली मेट्रो १९८४ साली याच ठिकाणाहून भवानीपूरपर्यंत धावली. येथून चित्तरंजन अॅव्हेन्यूने उत्तरेकडे गेल्यास अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेची इमारत लागते. १९३२ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा संगणकाशी वरकरणी काही संबंध नाही. तथापि तेथे जन्म-मृत्यूंच्या नोंदी तपासताना जी रीत सिद्ध झाली, तिच्याच तत्त्वावर आज संगणक आज्ञावलीतील चुका मोजता येतात. आपल्या ठेवींचे व्याज आज्ञावलीच आकारत असल्याने हा विषय ग्राहकांनीही समजून घेण्यासारखा आहे.

मोजमाप कशाचे करावयाचे?

कापड मीटरने मोजतात, धान्य किलोने. आज्ञावली कशाने मोजावी? आरंभी तिच्या ओळी मोजल्या जात. परंतु तेच काम एकजण शंभर ओळींत करतो, तर दुसरा तीनशे ओळींत. म्हणून तीनशे ओळी लिहिणाऱ्याने अधिक काम केले असे म्हणता येत नाही. १९७६ साली थॉमस मकेब यांनी आज्ञावलीतील निर्णयांच्या वाटा मोजून तिची गुंतागुंत अंकात मांडली. १९७९ साली आयबीएममधील अॅलन आल्ब्रेख्त यांनी आज्ञावली वापरणाऱ्याला कोणकोणती कार्ये करून देते, यावरून तिचे आकारमान ठरविण्याची पद्धत मांडली. या दोन्ही मापांत जे मोजावयाचे ते निदान समोर असते. खरा पेच पुढेच आहे. तपासणीत २५ चुका सापडल्या, तर न सापडलेल्या किती? जे दिसलेच नाही ते मोजावे कसे?

सिंगूरचा धडा

हाच प्रश्न वेगळ्या रूपात हुगळी जिल्ह्यातील सिंगूर येथे उभा राहिला होता. मोटार कारखान्याच्या वादामुळे २००६ ते २००८ या काळात हे नाव देशभर गाजले; पण संख्याशास्त्राच्या अभ्यासकांना ते त्याआधीपासून परिचित होते. तेथे या संस्थेचे आरोग्य केंद्र होते. सरकारी निबंधकाच्या वहीत सर्व जन्म-मृत्यू नोंदले जात नसत. म्हणून १९४७ साली घरोघरी विचारपूस करून दुसरी, स्वतंत्र यादी तयार करण्यात आली. तीही अपुरीच होती. मात्र दोन अपुऱ्या याद्या ताडून पाहिल्या असता दोन्हींतून निसटलेल्या घटनांचा अंदाज बांधता येतो, हे संस्थेतील संख्याशास्त्रज्ञ सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकेचे डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ च्या आपल्या शोधनिबंधात दाखवून दिले. चंद्रशेखरन पुढे मुंबईतील लोकसंख्या अभ्यास संस्थेचे संचालक झाले. डेमिंग यांचे नाव जपानने १९५१ पासून आपल्या गुणवत्ता पारितोषिकाला दिले.

तत्त्व सोपे आहे. समजा, दोन अधिकाऱ्यांनी एकच आज्ञावली स्वतंत्रपणे तपासली. पहिल्याला २० चुका सापडल्या, दुसऱ्याला १५. त्यांपैकी १० दोघांनाही सापडल्या. म्हणजे दुसऱ्याच्या १५ चुकांपैकी १०, अर्थात दोन तृतीयांश, पहिल्याच्या नजरेस आल्या होत्या. तर मग पहिल्याच्या २० चुका या एकूण चुकांच्या दोन तृतीयांश धराव्यात. एकूण चुका ३०. दोघांनी मिळून वेगवेगळ्या २५ शोधल्या. ५ अद्याप दडलेल्या आहेत.

समाईक चुका १० ऐवजी ३ च असत्या तर? २० गुणिले १५ भागिले ३, म्हणजे १००. सापडलेल्या ३२ आणि शिल्लक ६८! समाईक चुका जितक्या कमी, तितका धोका अधिक. १९९२ साली बेल प्रयोगशाळेतील संशोधकांनी याच तत्त्वाचा उपयोग आज्ञावलीच्या आराखड्यातील दोषांचा अंदाज बांधण्यासाठी केला.

खोटा दिलासा

या गणिताला एक अट आहे. दोन्ही तपासण्या परस्परांपासून स्वतंत्र हव्यात. दोघे शेजारी बसून एकमेकांना विचारत तपासू लागले, तर समाईक चुका वाढतात, उत्तर लहान येते आणि सारे आलबेल आहे असा भास होतो. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. काही चुका कोणालाही दिसतात, तर काही भल्याभल्यांना चकवतात. यावर चंद्रशेखरन व डेमिंग यांनी सुचविलेला उपाय असा, की नोंदींचे सारखेपणानुसार गट पाडावेत आणि प्रत्येक गटाचे गणित वेगळे करावे.

वरचेच उदाहरण पाहू. पहिल्याच्या २० चुकांपैकी १२ सोप्या व ८ अवघड. दुसऱ्याच्या १५ पैकी ९ सोप्या व ६ अवघड. समाईक दहांपैकी ९ सोप्या आणि १ अवघड. सोप्या चुकांचे उत्तर १२ येते, म्हणजे त्या सर्व सापडल्या. अवघड चुकांचे उत्तर मात्र ८ गुणिले ६ भागिले १, म्हणजे ४८. एकूण चुका ३० नसून ६०. शिल्लक ५ नसून ३५! एकाच समाईक चुकीवर आधारलेला आकडा काटेकोर मानता येणार नाही हे खरे. परंतु तपासणी इतक्यात थांबवू नये, एवढा इशारा त्यातून निश्चित मिळतो. नावातील अशुद्ध अक्षरे सर्वांना दिसतात. लीप वर्षातील एका दिवसाचे व्याज सुटले तर ते सहजी कोणाच्या ध्यानात येत नाही.

ग्राहक हाच दुसरा तपासनीस

बँकेत एकाने नोंद करावी व दुसऱ्याने ती संमत करावी, हा जुना दंडक आहे. दुसऱ्याने पहिल्याच्या विश्वासावर सही केली, तर सह्या दोन होतात पण तपासणी एकच राहते. ग्राहकाचेही तसेच आहे. पासबुकातील आकडा वाचून मान डोलावणे म्हणजे बँकेचीच यादी पुन्हा वाचणे होय. याउलट ठेवीची तारीख, मुदत, व्याजदर आणि दिलेले धनादेश आपल्या वहीत त्या त्या वेळी स्वतः लिहून ठेवले, तर ती खरोखरीची दुसरी यादी होते. महिन्यातून एकदा दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात आणि तफावत आढळल्यास निःसंकोचपणे शाखेत यावे. त्यात अविश्वास दाखविल्यासारखे काही नाही. सिंगूरची वहीदेखील दुसऱ्या यादीशी ताडल्यानंतरच तिच्यातील उणीव कळली होती.