ओढणं सोपं, थोपवणं अवघड



गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या रस्त्याला लागतात. कुणाचा ट्रॅक्टर किती टन ओढतो याची चर्चा पारावर रंगते. किती टन थोपवतो, हे मात्र कुणी विचारीत नाही. अपघात होतो तो तिथंच.

ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा आणि मागचा ऊस त्याच्या कितीतरी पट. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, म्हणजे एवढा भार धरायचा तो ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. सपाटीला हे जाणवत नाही. उताराला मात्र ट्रॉल्या पुढं रेटू लागतात. अशात वळणावर जोरात ब्रेक मारला की ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि ट्रॉली अंगावर येते. बैलगाडी उताराला बैलांच्या अंगावर कशी येते, हे आपणांस सांगायला नको.

असा एक प्रसंग आम्ही डोळ्यांनी पाहिला. ओढ्याच्या उताराला डिझेल वाचवायचं म्हणून ड्रायव्हरनं गिअर काढला. मागची ट्रॉली ओढ्यात गेली, ऊस पाण्यात. पोरगा वाचला, हे नशीब. आणि वाचलेलं डिझेल? चहाच्या कपाएवढं नसेल.

तेव्हा उतार लागण्याआधी, वर असतानाच, खालचा गिअर टाकावा. मग इंजिनच गाडी धरून ठेवतं. उतारावर क्लच दाबून ठेवणं म्हणजेही न्यूट्रलच. आणि वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यावर थांबायला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागतं.

शेतात जागच्या जागी वळण्यासाठी आपण डावा-उजवा ब्रेक सुटा करतो. रस्त्यावर येताना दोन्ही पेडलं पट्टीनं जोडायची राहून जातात. मग घाईत पाय एकावरच पडतो आणि ट्रॅक्टर त्या अंगाला ओढला जातो. फड सोडतानाच हे पाहावं.

जोडाची पिन झिजलेली नको, तिला खालून चाप हवाच. पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालणारेही आहेत. त्यांना काय म्हणावं! शिवाय साखळी लावावी, पिन तुटली तरी ट्रॉली सुटत नाही. जोड नेहमी खालच्या दांड्यालाच करावा. वर जोडला तर चढाला पुढची चाकं उचलतात, स्टिअरिंग ऐकत नाही आणि ट्रॅक्टर मागं उलटू शकतो.

वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून मोळ्या चढत जातात हे आम्ही जाणतो. पण उंच भरलेली ट्रॉली साइडपट्टीवर एक चाक उतरताच कलंडते.

रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसत नाही, बाहेर आलेले ऊस तर नाहीच. मागं लाल रिफ्लेक्टर लावावेत, त्यांवर वाढ्यांचे झुबके लोंबू देऊ नयेत. पंक्चर झालं तर चाकाखाली दगड लावतो, ते ठीक. निघताना तेवढे उचलून बाजूला टाकावेत. ट्रॉली गेल्यावर अंधारात ते रस्त्याच्या मधोमध तसेच पडलेले असतात, आणि त्याच रस्त्यानं आपली पोरं घरी येतात.